खाडीकाठच्या मासळी-तळ्यांवर पक्षी मोजायला जाताय? या चुका टाळा

दर जानेवारीत तेच होतं. ग्रुपवर मेसेज पडतो, "रविवारी सकाळी साडेसहाला तळ्यावर भेटू, पक्षीगणना आहे, दुर्बीण आणा, नाश्ता आमच्याकडून." मी विचारते, भरती किती वाजता आहे? त्यावर कुणीतरी अंगठा टाकतं, कुणी सूर्योदयाची वेळ सांगतं. मग रविवारी पंधरा-वीस जण बांधावर उभे, समोर चार बगळे आणि एक खंड्या, आणि साडेआठला सगळे वडापाव खाऊन घरी.

मी मुंबईच्या खाडीकाठची तळी गेली बरीच वर्षं मोजतेय. कोळंबीची, जिताड्याची, काही चालू, काही सोडून दिलेली. एशियन वॉटरबर्ड सेन्सस, म्हणजे आशियातल्या पाणपक्ष्यांची गणना, १९८७ पासून दर जानेवारीत होतो, त्यात आपल्या खाडीचेही आकडे जातात, आणि ते आकडे उगाच नसतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला झालं, २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आलं, हे सगळ्यांना माहीत असतं, पण भरतीच्या वेळी त्याच खाडीतले पक्षी ज्या तळ्यांवर येऊन बसतात, नेरूळ-सीवूड्सकडची म्हणा, ती तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. त्यांच्या बाजूने बोलायला कागदावर आपला आकडा सोडून फारसं काही नसतं. म्हणून चुकीच्या आकड्याचा मला राग येतो. कमी आकड्याचा नाही, चुकीच्या.

भरतीचा पत्ता नसताना निघणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबते.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो. तुतवार, चिखल्या, टिलवे हे चिखलातले लहान पक्षी, रोहित म्हणजे फ्लेमिंगो, सगळे त्या चिखलावर पांगलेले असतात, किनाऱ्यापासून लांब, कारण खाणं तिथे आहे. भरतीचं पाणी चढायला लागलं की पायाखालची जागा जाते आणि मग हे पक्षी थव्याने मिठागरांवर, तळ्यांच्या बांधांवर, उथळ तळ्यांत येऊन बसतात, एका पायावर उभं राहून डुलक्या काढतात, पाणी उतरलं की परत चिखलावर. म्हणजे तळं हे त्यांचं भरतीतलं घर आहे. ओहोटीला तळ्यावर जाऊन "पक्षी नाहीत" म्हणणं म्हणजे ऑफिसच्या वेळात घरी जाऊन कुणी राहत नाही असं लिहून येणं.

आता रविवार सकाळचा साडेसहाचा हट्ट बघा. आपल्याकडे कोळी लोक वर्षानुवर्षं वापरतात तो हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. म्हणजे ज्या दिवशी पाणी सगळ्यात जास्त चढतं त्या पौर्णिमा-अमावस्येला सकाळी सहाला नेमकी पूर्ण ओहोटी असते आणि तुमचे सगळे पक्षी लांब चिखलावर. आणि ज्या अष्टमीला सकाळी सहाला भरती असते ती भांगाची, कमजोर, चिखल पुरता बुडतच नाही, निम्मे पक्षी आत येतच नाहीत. दोन्हीकडून साडेसहा वाजता तुमचं नुकसानच. पहाटे उठणं जंगलात ठीक आहे, झाडावरच्या पक्ष्यांसाठी ठीक आहे. खाडीचा पक्षी सूर्याच्या नाही, चंद्राच्या घड्याळावर चालतो.

माझी स्वतःची सवय अशी की मी त्रयोदशी-चतुर्दशी धरते. भरती पावणेदहा-साडेदहाला, पाणी बऱ्यापैकी मोठं, उन्हाने अजून हवा थरथरायला लागलेली नसते. भरतीच्या दीड तास आधी जागेवर, पूर्ण भरतीच्या अर्धा तास आधी मोजणी सुरू. टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रकही बघतेच, तिथीच्या हिशोबात थोडं मागेपुढे होतं. पण त्यातली वेळ अपोलो बंदरची असेल तर खाडीत आत, भांडुप-ऐरोलीकडे पाणी चढायला त्याहून उशीर लागतो, हे लक्षात ठेवा. आणि अजून एक, हिवाळ्यात आपल्याकडे दिवसाची उधाणाची भरती रात्रीच्यापेक्षा बरीच लहान असते, त्यामुळे पावसाळ्यात बांधाला लागलेलं पाणी बघून जानेवारीत तेवढंच येईल असं धरू नका.

किस्सा सांगते. काही वर्षांपूर्वी एका तळ्यावर, जागेचं नाव मुद्दाम देत नाही, एका ग्रुपने अमावस्येच्या रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ गणना केली. चांगली मुलं, महागडे कॅमेरे, फॉर्म नीट भरलेला. एकूण पक्षी ३४. मी त्याच दिवशी दुपारी बाराला त्याच तळ्याशी होते, मला भरतीलाच जायचं होतं. मधल्या बांधावर एका ओळीत शेकाट्या, मागे टिलवे, त्यांच्यामागे छोट्या तुतवारांचा असा गालिचा की बांधाची माती दिसत नव्हती. दोनदा मोजले, ६८० आणि ७१०. मी लगेच फोन केला, म्हटलं तुमचा आकडा थांबवा. ताई, पाठवला, म्हणाले. बरं पाठवला तर पाठवला, निदान फॉर्मवर "पूर्ण ओहोटी" एवढं तरी लिहिलंय का? तो रकानाच रिकामा.

दीड वर्षाने एका बैठकीत त्या जागेवरच्या एका कामाचा अहवाल समोर आला आणि त्यात वाक्य होतं, या पाणथळीवर पक्ष्यांची संख्या नगण्य आहे. खाली आधार म्हणून तोच ३४ चा आकडा. मी उठून माझे आकडे वाचले, वेळेसकट, भरतीच्या उंचीसकट, ऐकून घेतलं त्यांनी, पण मला त्या दिवशी कळलं की छापलेला आकडा मागे घेता येत नाही. ज्याने मोजला त्याला त्याची आठवणही नव्हती. त्या पोरांनी वाईट काहीच केलं नव्हतं, फक्त उजाडायच्या आत घरातून निघायचं एवढंच कुणीतरी शिकवलं होतं, पाणी बघायला शिकवलंच नव्हतं.

तर फॉर्मवर भरतीची वेळ, तुम्ही सुरू केल्याची वेळ आणि पाणी चढतं होतं की उतरतं, या तीन गोष्टी नसतील तर तो आकडा माझ्या दृष्टीने अर्धाच आहे.

तळ्यातलं पाणी न बघता पक्षी मोजणं

ही चूक मी स्वतः दोन वर्षं केलीय.

मासळीचं तळं म्हणजे नैसर्गिक डबकं नाही. त्याला बांध आहे, बांधाला उघाडी आहे, उघाडीच्या फळ्या कुणाच्या तरी हातात आहेत. फळ्या काढल्या की भरतीचं पाणी आत, फळ्या टाकल्या की पाणी अडलं, मासळी काढायची वेळ आली की ओहोटीला पाणी सोडून द्यायचं. खाडीची भरती-ओहोटी एक आणि तळ्याची वेगळी. पाणी कमरेइतकं असेल तर तिथे पाणकावळे, टिबुकल्या, वारकरी, बदकं. गुडघ्याइतकं असेल तर मोठे बगळे, चित्रबलाक, चमचे. शेकाट्याला वीतभर पाणी पुरतं, आणि छोट्या तुतवारांना नुसती ओल हवी. म्हणजे पक्ष्यांची यादी बघूनच मला पाणी किती होतं ते सांगता येतं, आणि उलट, पाणी न लिहिता यादी दिली तर तिचा अर्थच लागत नाही.

एका फेब्रुवारीत आमच्या नेहमीच्या तळ्यावर मला ११४० पक्षी मिळाले. त्याआधी तिथे शंभर-दीडशेच्या वर कधी गेलं नव्हतं. मला काय आनंद झाला, मी घरी येऊन आलेख काढला, चार जणांना पाठवला, "संख्या आठपट" असं लिहिलं. पुढच्या फेब्रुवारीत त्याच आठवड्यात गेले तर ९०. आता मी काळजीत, परत लिहिलं, मोठी घट, कारणं शोधायला हवीत, बाजूच्या रस्त्याच्या कामाचा आवाज, कचरा, काय काय.

तिसऱ्या वर्षी उघाडीजवळच्या झोपडीत बसलेल्या काकांशी बोलले. तोपर्यंत मी त्यांना नुसता नमस्कार करून पुढे जायची, ही खरी चूक. त्यांना म्हटलं, काका, यंदा पक्षी कसे? ते म्हणाले, "पानी परवाच सोरलंय, आज येतील तवरे येतील, उद्या बग, एक नाय." आणि खरंच दोन दिवसांनी गेले तर चिखल सुकून भेगा पडायला लागलेल्या, दोन टिटव्या आणि एक धोबी. तळं रिकामं केलं की उरलेली बारकी मासळी, कोळंबी, किडे सगळं उघड्यावर, आणि आसपासच्या दोन-तीन किलोमीटरमधले बगळे, घारी, कुरव, तुतवार सगळे जेवायला तिथे. माझे ११४० म्हणजे त्या तळ्याची संख्या नव्हती, ती एका पंगतीची संख्या होती. ना वाढ होती ना घट. मी फक्त एका वर्षी पंगतीच्या दिवशी गेले होते आणि पुढच्या वर्षी चार दिवस उशिरा.

त्या दोन्ही नोंदींखाली मी नंतर खुलासा जोडला, ज्यांना आलेख पाठवला होता त्यांना परत लिहिलं. लाज वाटली, पण केलं.

तेव्हापासून माझी वही अशी आहे: आधी काकांशी चहा, पाणी कधी घेतलं, कधी सोडणार, औषध-खत काही टाकलंय का, पाणकावळे हाकलायला फटाके लावतात का, तळ्यावर दोरे ताणलेत का. मग बांधात रोवलेल्या काठीवर पाण्याची खूण. मग एक फोटो, दर वेळी त्याच जागेवरून. आणि मग दुर्बीण. नवीन मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना आल्या आल्या लेन्स काढायची असते. पण ज्याच्या पोटापाण्याचं तळं आहे त्याच्या बांधावर तुम्ही उभे आहात, त्याला न विचारता त्याच्या पाण्याबद्दल लिहिणं मला पटत नाही. शिवाय पाणकावळ्यांमुळे त्याचं नुकसान होतं ते खरंच होतं, त्याला पक्षीप्रेमावर भाषण देऊ नका, त्याचं ऐका.

बांधावरून चालत चालत मोजणं

पाच तळी ओळीने आहेत, तुम्ही पहिल्यापासून चालायला लागता, पहिल्यातले पक्षी उठून दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, आणि पाचव्या तळ्यावर तुम्ही त्याच शेकाट्या पाचव्यांदा लिहिताय. मी बांधावर पाय ठेवायच्या आधी अलीकडच्या कोपऱ्यावरून स्कोपने, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीने, सगळ्यात लांबचं तळं मोजते, मग त्याच्या अलीकडचं, मग त्याच्या. चालणं शेवटी, लपलेल्यांसाठी. वंचक बगळा तर उडाल्याशिवाय दिसतच नाही, मातीच्या रंगाचा होऊन बसलेला असतो, तो चालतानाच मोजायचा. आणि पक्षीनोंदींच्या ॲपवर पाचही तळ्यांची एकच यादी करू नका, तळागणिक वेगळी करा, एकात पाणी असतं एकात नसतं.

मध्येच दलदलीवरचा हॅरियर आला की सगळा थवा हवेत. घाबरून घाईत आकडा टाकू नका. वही बंद करा, दहा मिनिटं बसा, पक्षी परत बसतात, नव्याने मोजा.

सूर्य समोर घेऊन उभं राहणं

भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला खाडी पूर्वेला आहे, म्हणजे सकाळी सगळे पक्षी काळ्या कागदाचे. ऐरोली-नेरूळच्या बाजूला हेच संध्याकाळी. नकाशा बघून निघा, एवढंच.

"अंदाजे ५००"

गोल आकडे दिसले की मला समजतं की मोजलेलं नाही. दहा पक्षी खरे मोजा, ती दहाची जागा डोळ्यात भरून घ्या, मग तेवढे तुकडे थव्यावर टाकत जा. मोठ्या थव्याला पन्नासचा तुकडा. डावीकडून उजवीकडे एकदा, उजवीकडून डावीकडे एकदा, दोन्ही आकडे लिहा. रोहितांचा फोटो काढून घरी ठिपके मारत मोजता येतात, मी करते, पण मागच्या रांगेतले पुढच्यांच्या आड जातात हे धरूनच. ॲपवर आकड्याच्या जागी नुसती फुली टाकून मोकळं होणं हा आळस आहे, आणि गणनेत तर फुलीचा काही उपयोगच नाही.

शून्यही लिहा. गेलात, भरतीला गेलात, बदकं नव्हती, तर ती नव्हती अशी नोंद हवी.

सगळ्या बारक्यांना "लिटल स्टिंट" म्हणणं

स्टिंट म्हणजे अगदी छोटा तुतवार. मान्य आहे, हिवाळ्यात सगळे राखाडी-पांढरे. पण थव्यात कर्ल्यू सँडपायपर असतो, त्याची चोच लांब, खाली वाकलेली, तो उंचीलाही जास्त. सँड प्लोव्हर असतात, त्यांची चोच आखूड आणि चालणं वेगळं, चार पावलं पळायचं, थांबायचं, टोचायचं, तर स्टिंट शिलाई मशीनसारखा टोचत राहतो. मार्श सँडपायपरची चोच सुईसारखी, ग्रीनशँकची दणकट आणि किंचित वर. लाल टिलवा उडाला की पंखाच्या मागच्या कडेला पांढरी पट्टी दिसते. नाही ओळखता आलं तर "छोटे तुतवार, न ओळखलेले, १२०" असं लिहा. हे लिहायला कुणालाही कमीपणा वाटू नये, मी आजही दर वेळी लिहिते. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपला आवाज ऐकवून ठरवू नका, मागे हायवे, वर विमान, आणि झोपलेला थवा बोलतही नाही.

रोहितांमध्येही तेच, दोन जाती आहेत. लहान रोहितची चोच पूर्ण गडद, मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोक काळं. सगळे "फ्लेमिंगो" म्हणून एकत्र टाकले तर कुठला किती हे कायमचं गेलं. लहान रोहित मुख्यतः शेवाळावर जगतो, मोठा बारीक कवचवाले जीव खातो, म्हणजे पाणी बदललं की दोघांचं गणित वेगळं बदलतं.

पायात रंगीत झेंडी किंवा कडी दिसली तर रंग, कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, अक्षरं, सगळं तिथल्या तिथे लिहा आणि बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला, कळवा. घरी जाऊन आठवून लिहिलेला रंग चुकतो.

बाकीच्या प्राण्यांना विसरणं

पक्ष्यांना आलो म्हणून खाली कुणी बघतच नाही. बांधावरच्या ओल्या मातीत सकाळी ठसे असतात, मुंगूस, घूस, भटकी कुत्री आणि कोल्हा. हो, मुंबईच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे आहेत. कोल्ह्याचा ठसा कुत्र्यापेक्षा अरुंद आणि लांबट, आणि विष्ठेत खेकड्याच्या कवचाचे तुकडे दिसतात. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, नुसत्या ठशाच्या फोटोवरून आकार कळत नाही. उघाडीपाशी निवट्या, चिखलावर येणारे ते छोटे मासे, उड्या मारत असतात, त्यांची नोंद क्वचितच कुणी करतं. गोड्या पाण्याच्या बाजूला विरोळा असतो, बिनविषारी, पण गवतात घोणसही असते, तेव्हा चप्पल घालून येणाऱ्यांना मी परत पाठवते. आणि कोल्ह्याचं बीळ सापडलं तर त्याचं लोकेशन कुठेही टाकायचं नाही. माझ्याकडेही पाठवू नका, वनखात्याला सांगा.

चिखलात उतरू नका. वरून घट्ट दिसतो, आत मांडीपर्यंत जातो. बांधाची कडाही खेकड्यांनी पोखरलेली असते, मधून चाला.

एप्रिल ते जुलै बांधावर टिटवी आणि शेकाट्या अंडी घालतात, उघड्या मातीत, मातीच्याच रंगाची. टिटवी डोक्यावर ओरडत फिरतेय म्हणजे तुम्ही चुकीच्या जागी आहात, फोटो न काढता आल्या वाटेने मागे फिरा, कावळे तुमच्याकडे बघतच असतात. त्या महिन्यांत मी बांधावर चढतच नाही, कोपऱ्यावरून जेवढे दिसतील तेवढे. ड्रोनबद्दल तर बोलायलाच नको, एका घिरटीत सगळा थवा उठतो आणि भरतीच्या वेळी उठलेल्या पक्ष्याला बसायला दुसरी जागा या शहरात आपण किती ठेवलीय ते बघा.

पेन आणू नका, पेन्सिल आणा, दमट हवेत शाई पसरते. मोबाइलची बॅटरी संपते, वही संपत नाही.

येती त्रयोदशी गुरुवारी आहे. रविवार नाही, माहितीय, मी रजा टाकलीय. भरती पावणेदहाच्या सुमारास, सव्वाआठला उघाडीजवळ काकांच्या झोपडीपाशी या, चारच्या वर माणसं नकोत. काका म्हणालेत मधल्या तळ्याचं पाणी बुधवारी सोडणार आहेत, तेव्हा ते तळं वहीत वेगळ्या पानावर जाईल, पान आत्ताच आखून ठेवा.